डिस्क गोल्फ: मगर, मूस आणि मोकळा कुत्रा... या खेळात प्राण्यांचा धोका नेमका कधी असतो?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात लार्गो नावाचं शहर आहे. तिथल्या जॉन एस. टेलर पार्क या सार्वजनिक बागेत ३१ मे २०२२ च्या सकाळी तळ्यात एका ४७ वर्षांच्या माणसाचा मृतदेह सापडला. तो पाण्यात उतरून फ्रिस्बी शोधत होता आणि या मृत्यूत अ‍ॅलिगेटरचा संबंध आहे, असं पोलिसांनी सांगितलं. अ‍ॅलिगेटर म्हणजे मगरीचाच रुंद तोंडाचा भाऊबंद. तळ्याकाठी पोहायला मनाई असल्याच्या पाट्या होत्या.

बातमी जगभर गेली. 'फ्रिस्बीसाठी जीव गमावला' अशा अर्थाचे मथळे झाले आणि त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांगही लागली. एका प्लास्टिकच्या तबकडीसाठी मगरीच्या तळ्यात उतरायचं म्हणजे वेडेपणाच, असा बहुतेकांचा सूर होता.

पण तो माणूस तिथे खेळायला उतरला नव्हता. बागेत रोज येणाऱ्या खेळाडूंनी तेव्हा स्थानिक पत्रकारांना सांगितलं की काही गरजू माणसं या तळ्यात उतरतात, बुडालेल्या डिस्क बाहेर काढतात आणि पाच-दहा डॉलरला एक याप्रमाणे त्याच खेळाडूंना विकतात. त्याआधी, २०२० मध्ये, याच तळ्यात डिस्क शोधणाऱ्या एका माणसाच्या चेहऱ्याला अ‍ॅलिगेटरने चावा घेतला होता. तो वाचला.

डिस्क गोल्फ आणि प्राणी यांचे व्हिडिओ रील्समध्ये अधूनमधून फिरत असतात. बास्केटखाली पहुडलेला अ‍ॅलिगेटर, खेळाडूंच्या मधून निवांत चालत जाणारं हरीण, डिस्क तोंडात धरून पळणारा कुत्रा. बघायला मजा येते. पण या व्हिडिओंत धोका जिथे दिसतो तिथे तो बहुतेक वेळा नसतो. तो असतो डिस्क फेकून झाल्यानंतर, कॅमेरा बंद झाल्यानंतर.

हा खेळ आहे तरी काय?

नावात गोल्फ असलं तरी इथे काठी नाही, चेंडू नाही आणि क्लबची सदस्य फीही नाही. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. अशा साधारण १८ बास्केट. कमीत कमी फेकींत जो पूर्ण करेल तो जिंकला.

यातली डिस्क आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर विकायला असते तशी मऊ, मोठी फ्रिस्बी नसते. ती आकाराने लहान, कडक आणि कडेला धारदार असते. वजन साधारण १५० ते १८० ग्रॅम. चांगल्या खेळाडूच्या हातून ती ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने सुटते. लांब जाणाऱ्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात आणि बहुतेक ड्रायव्हर पाण्यात दगडासारख्या बुडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खेळाचा जन्म कॅलिफोर्नियातला. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. पुढच्याच वर्षी त्यांनी खेळाची संघटना काढली, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए. या माणसाचं फ्रिस्बीवर इतकं प्रेम होतं की २००२ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख मिसळून डिस्क बनवण्यात आल्या.

कोरोनाच्या काळात जिम आणि मैदानं बंद होती तेव्हा मोकळ्या हवेतला, अंतर राखून खेळता येणारा हा खेळ झपाट्याने वाढला. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या खेळाडूने डिस्क बनवणाऱ्या कंपनीसोबत १० वर्षांचा, १ कोटी डॉलरचा करार केला. आज जगात १५ हजारांहून जास्त कोर्स आहेत. सगळ्यात जास्त अमेरिकेत, पण फिनलंड आणि एस्टोनियासारख्या छोट्या देशांतही हा घराघरातला खेळ झालाय. २०२२ आणि २०२३ ची महिला विश्वविजेती क्रिस्टिन टाटार एस्टोनियाचीच.

बहुतेक कोर्स फुकट आहेत आणि सार्वजनिक बागांत, रानात, तळ्याकाठी आहेत. गोल्फसारखी हिरवळ कापून, पाणी घालून, औषध मारून जमीन तयार करावी लागत नाही. झाडं, ओढे, उंचसखलपणा हाच खेळाचा भाग. म्हणून कोर्स उभारायला खर्च कमी येतो. आणि म्हणूनच तिथे जे प्राणी आधीपासून राहतात, ते तिथेच राहतात. गोल्फच्या मैदानावर हरीण आलं तर पाहुणं वाटतं. डिस्क गोल्फमध्ये पाहुणा खेळाडू असतो.

कुत्र्याने डिस्क पळवली तर?

गल्ली क्रिकेटमध्ये कुत्र्याने बॉल तोंडात धरला की 'डेड बॉल' असा एक सर्वमान्य, कुठेही न लिहिलेला नियम असतो. डिस्क गोल्फमध्ये हे चक्क लिहून ठेवलंय.

फेकलेली डिस्क एखाद्या माणसाला किंवा प्राण्याला लागली तर ती जिथे जाऊन थांबेल तिथून पुढे खेळायचं. हवेतच पकडून कुणी पळवली, तर जिथे पकडली त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ठेवायची. जमिनीवर थांबलेली डिस्क कुणी उचलून नेली, तर मूळ जागी परत ठेवायची. तुम्ही उभे राहणार त्या जागी किंवा तिच्या मागे घातक कीटक किंवा प्राणी असेल, म्हणजे समजा मुंग्यांचं वारूळ, गांधीलमाशांचं पोळं किंवा साप, तर दंड न घेता सरळ मागे, बास्केटपासून लांब सरकून खेळता येतं.

पण पुस्तकातला सगळ्यात उपयोगी नियम दुसराच आहे आणि त्यात प्राण्याचं नावही नाही. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत सापडली नाही तर ती हरवली असं धरायचं, एक फेक दंड घ्यायचा आणि पुढे जायचं. पाण्यात गेली आणि ते पाणी हद्दीबाहेर धरलेलं असेल, तरी दंड एकाच फेकीचा.

म्हणजे स्कोअरच्या हिशेबात डिस्क सोडून देणं अगदी स्वस्त आहे. मग लोक तिच्या मागे झुडपात आणि पाण्यात का शिरतात?

पहिलं कारण पैसे. चांगली नवी डिस्क साधारण १५ ते २० डॉलरची, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. नियमित खेळणाऱ्याच्या पिशवीत अशा १५-२० असतात. दुसरं कारण सवय. डिस्क वापरून वापरून, झाडांवर आपटून तिची उडण्याची चाल बदलते. हाताला बसलेल्या जुन्या बॅटसारखंच हे. दुकानातून तीच डिस्क नवी आणली तरी ती तशी उडत नाही. त्यामुळे 'माझी' डिस्क तळ्यात गेली की माणूस नियम विसरतो आणि बूट काढायला लागतो.

फ्लोरिडाच्या तळ्यात किती धोका आहे?

इथे आकडे नीट बघायला हवेत, कारण व्हिडिओ बघून वाटतं तेवढी परिस्थिती भयंकर नाही.

फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाच्या अंदाजानुसार राज्यात जवळपास १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत. राज्यातल्या सगळ्या ६७ काउंटींमध्ये ते सापडतात. गोड्या पाण्याचं कुठलंही तळं असलं की त्यात अ‍ॅलिगेटर असू शकतो, असंच धरून चालायचं. तरीही खोडी न काढता झालेले आणि डॉक्टरकडे जावं लागलेले हल्ले वर्षाला सरासरी आठच्या आसपास आहेत. फ्लोरिडात राहणाऱ्या माणसाला असा गंभीर हल्ला होण्याची शक्यता ३१ लाखांत एक, असं आयोग सांगतो.

काठावर ऊन खात पडलेल्या अ‍ॅलिगेटरपासून तीस-चाळीस पावलांवर लोक डिस्क फेकतात आणि काही होत नाही, ते याचमुळे. पण ही सरासरी सगळ्या रहिवाशांची आहे. त्यात जन्मात कधी तळ्यात न उतरलेले लाखो लोक मोजलेले आहेत. जो माणूस आठवड्यातून चारदा त्याच तळ्यात, गढूळ पाण्यात, तळाला हात लावून चाचपतो, त्याला ३१ लाखांत एक हा आकडा लागू होत नाही.

शिवाय वेळ. अ‍ॅलिगेटर जास्त हालचाल करतात ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. आयोगाचा सल्ला सरळ आहे: पोहायचं तर फक्त नेमून दिलेल्या जागी आणि दिवसाढवळ्या. चोरून डिस्क काढणारा माणूस नेमका उलटी वेळ निवडतो, कारण दिवसा खेळाडू असतात, बागेचे कर्मचारी असतात, पाटीवरचा नियम दाखवणारे असतात. त्यातही मे आणि जून हा अ‍ॅलिगेटरच्या मीलनाचा काळ. लार्गोची घटना ३१ मेची आहे.

गोल्फमध्येही चेंडू तळ्यात जातात आणि फ्लोरिडात ते काढणारे पाणबुडे आहेत. पण तिथे बऱ्याच ठिकाणी कंपनी असते, करार असतो, डायव्हिंगचं साहित्य असतं. धोका तिथेही आहेच. फुकटच्या सार्वजनिक कोर्सवर यातलं काही नाही. खेळ स्वस्त राहिला, कारण कोर्सला मालक नाही, तिकीट नाही, रखवालदार नाही. आणि त्याच कारणाने तळ्यात जमलेल्या शेकडो डिस्कचं काय करायचं हे बघायलाही कुणी नाही. ते काम ज्याला पाच डॉलरची गरज आहे तो करतो.

खेळाडूंच्या गप्पांत यावर नेहमीचं उत्तर असतं: 'त्यांना कुणी उतरायला सांगितलं?' सांगितलं नाही, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्यांच्याकडून डिस्क विकत घेणारेही खेळाडूच असतात.

आणि मग मगरीचं काय होतं?

फ्लोरिडात 'उपद्रवी अ‍ॅलिगेटर' ही सरकारी व्याख्या आहे. किमान चार फूट लांब आणि माणूस, पाळीव प्राणी किंवा मालमत्तेला धोका वाटेल असा अ‍ॅलिगेटर दिसला की लोक हेल्पलाइनला फोन करतात आणि आयोग कंत्राटी पकडणाऱ्याला पाठवतो. पकडलेला प्राणी दूर जंगलात नेऊन सोडत असतील असा अनेकांचा समज आहे. तसं सहसा होत नाही. सोडलेला अ‍ॅलिगेटर पुन्हा मूळ जागी यायचा प्रयत्न करतो, म्हणून त्याला मारलं जातं. कातडी आणि मांस विकून पकडणाऱ्याची कमाई होते.

लार्गोच्या घटनेनंतरही त्या तळ्यातून अ‍ॅलिगेटर पकडून नेण्यात आले.

खाऊ घालण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरला खायला देणं गुन्हा आहे. माणसाच्या हातून खायला मिळालं की त्याची माणसाबद्दलची भीती जाते आणि माणूस दिसला की तो लांब जाण्याऐवजी जवळ येतो. काठावर सँडविचचा तुकडा टाकून व्हिडिओ काढणारा घरी जातो. त्यानंतर त्याच काठावर डिस्क उचलायला वाकतो तो दुसराच कुणी.

कुत्रा सोबत असेल तर सुरक्षित वाटतं. पण तसं आहे का?

कुत्रा आणि फ्रिस्बी यांचं नातं डिस्क गोल्फपेक्षा जुनं आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा तरुण आपला कुत्रा अ‍ॅशली व्हिपेट याला घेऊन थेट मैदानात घुसला आणि फ्रिस्बी फेकायला लागला. कुत्रा उंच उड्या मारत ती झेलत होता आणि प्रेक्षक खूश होते. टीव्हीवर हे दिसलं आणि कुत्र्यांच्या फ्रिस्बी स्पर्धांना सुरुवात झाली. पुढच्या वर्षी त्याच शहराजवळ डिस्क गोल्फचा पहिला कोर्स झाला.

त्यामुळे कोर्सवर कुत्रा आणणं अनेकांना अगदी साहजिक वाटतं. मात्र गोल्फची डिस्क कुत्र्याच्या खेळण्यासाठी नाही. ती कडक असते, दातांना इजा करू शकते आणि त्या वेगात थोबाडावर बसली तर मोठी जखम होते. कुत्र्यांसाठी मऊ फ्रिस्बी वेगळ्या मिळतात. दुसऱ्याची डिस्क तोंडात धरून पळणारा कुत्रा पहिल्यांदा गोड वाटतो. दीड हजाराच्या डिस्कवर दातांच्या खुणा उठल्या की तिसऱ्यांदा वाटत नाही.

ही भांडणं किरकोळ आहेत. खरी अडचण वेगळी आहे. मोकळा सोडलेला कुत्रा जंगली प्राण्याला मालकापर्यंत घेऊन येतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर गोल्फ कोर्सच्या तळ्याकाठी एक महिला कुत्र्याला फिरवत होती. अ‍ॅलिगेटर कुत्र्याकडे झेपावला. कुत्र्याला वाचवताना ती ओढली गेली. कुत्रा वाचला, ती नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्समध्ये असंच घडलं. ८५ वर्षांच्या आजी घरामागच्या तळ्याकाठी कुत्र्याला घेऊन गेल्या होत्या. अ‍ॅलिगेटरचा रोख कुत्र्यावर होता, जीव आजींचा गेला.

दोन्ही प्रसंगांत माणूस भक्ष्य नव्हता. काठावर वावरणारा कुत्रा अ‍ॅलिगेटरला त्याच्या नेहमीच्या शिकारीसारखाच दिसतो. म्हणूनच कुत्र्याला पट्ट्याने बांधा आणि पाण्यापासून लांब ठेवा, असं आयोग पुन्हा पुन्हा सांगतो. यातली पट्ट्याची अर्धी गोष्ट लोक ऐकतात, पाण्यापासून लांब ही अर्धी विसरतात.

उत्तरेला अलास्कात गेलं की प्राणी बदलतो, गोष्ट तीच राहते. अँकरेज शहरातल्या किंकेड पार्कमध्ये १८ बास्केटचा कोर्स आहे आणि त्याच जंगलात मूस राहतात. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, आपल्या गव्याएवढ्या वजनाच्या घरात जाणारा. तो मांस खात नाही, त्यामुळे लोक त्याला घाबरत नाहीत. पण अलास्कात अस्वलांपेक्षा मूसमुळे जखमी होणाऱ्यांची संख्या जास्त असते. मूसच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगा. भुंकणाऱ्या कुत्र्यावर तो चाल करून जातो, कुत्रा घाबरून मालकाकडे पळतो आणि त्याच्या मागोमाग चारशे-पाचशे किलोंचा मूस येतो. मे-जूनमध्ये पिल्लं सोबत असताना मादी जास्तच आक्रमक होते.

इथे एक फरक माहीत असलेला बरा. मूस अंगावर आला तर पळायचं आणि जाड झाडाच्या आड जायचं. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. एकाच जंगलातले दोन प्राणी, आणि सल्ले बरोबर उलटे.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला बिबट्या आठवला असेल, तर ते योग्यच आहे. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. शेतीवाडीच्या त्या भागात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. वस्तीजवळ बिबट्या येतो तेव्हा तो माणसासाठीच आला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकदा तो अंगणातल्या कुत्र्यासाठी आलेला असतो.

जे व्हायरल होत नाही

खेळाडूंना सगळ्यात जास्त भेटणारा प्राणी कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. तो तिळाएवढा असतो. गोचीड.

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि युरोपात उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसीच्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या आजाराचे उपचार होतात. वर अ‍ॅलिगेटरचा आकडा आठ होता. एस्टोनिया, फिनलंडमध्ये गोचिडीमुळे मेंदूज्वराचाही धोका असतो, त्यावर लस आहे. आखीव वाटेवर राहणाऱ्याला हा धोका कमी. डिस्क भरकटली आणि तिच्या मागे कमरेएवढ्या गवतात शिरलं की वाढतो. लांब पँट, पायमोज्यात खोचलेल्या बाह्या आणि घरी आल्यावर अंग तपासणं, एवढाच उपाय आहे, आणि तो दिसायला अजिबात रुबाबदार नाही.

सापाचंही तेच. अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि साधारण पाच जण दगावतात. कॅलिफोर्नियात रॅटलस्नेक शेपटी वाजवून इशारा देतो, पण नेहमीच देतो असं नाही. झुडपाखाली न बघता हात घातला की इशाऱ्याला वेळच मिळत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे डिस्क गोल्फ अजून रुजलेला नाही. चेन्नई, बंगळुरू, मुंबईत खेळला जातो तो अल्टिमेट फ्रिस्बी, आणि तोही मोकळ्या मैदानावर किंवा वाळूत. पण गवतात गेलेला बॉल आधी बॅटने चाचपून मगच हात घालायचा, हे गावाकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

पाण्याचंही तसंच. सांगलीत कृष्णाकाठी मगरींचे हल्ले झालेत आणि त्यात जीवही गेलेत. पवईच्या तलावात मगरी आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत जाणाऱ्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला. कृष्णेत माणूस सापडतो तो धुणं धुताना, पोहताना, मोटर बघायला उतरलेला असताना. म्हणजे इथेही पाण्यात उतरणाऱ्याला उतरण्याचं काहीतरी कारण असतंच.

मग यावर उपाय काय?

काही गोष्टी सोप्या आहेत आणि काही ठिकाणी होतही आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या डिस्क बाजारात मिळतात. त्या जरा कमी लांब जातात, म्हणून खेळाडू नाक मुरडतात. दोरीला बांधलेला लोखंडी पंजा किंवा लांब होणारी काठी घेऊन काठावरूनच डिस्क ओढता येते. त्याची किंमत साधारण एक-दोन डिस्कएवढी पडते. पाण्यावरून फेकावं लागेल असा टप्पा आखताना बास्केट काठापासून थोडी आत घेतली, तरी तळ्यात जाणाऱ्या डिस्क कमी होतात. पण पाण्यावरून फेकण्यातली धाकधूक हेच त्या टप्प्याचं आकर्षण असतं, आणि बास्केट आत घेतली की टप्पा पुळचट झाला म्हणून ओरडणारेही खेळाडूच.

अवघड आहे ती जुन्या डिस्कची बाजारपेठ. तळ्यातून निघालेली डिस्क कुणी विकत घेतली नाही तर कुणी उतरणार नाही, हे कागदावर बरोबर आहे. पण ज्याची आवडती डिस्क गेल्या महिन्यात बुडाली, त्याला ती पाच डॉलरला परत मिळत असेल तर तो नाही म्हणत नाही. तळं कोरडं करून किंवा परवानाधारक पाणबुडे लावून डिस्क काढायच्या आणि मालकांना परत करायच्या, असंही करता येतं. त्याला पैसे लागतात आणि फुकटच्या खेळात ते द्यायचे कुणी, हा प्रश्न उरतो.

जवळपास प्रत्येक खेळाडू डिस्कच्या मागच्या बाजूला मार्करने स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहितो. सापडली तर फोन करावा, हा त्यामागचा अलिखित करार. कोर्सवर सापडलेल्या डिस्क अशा रोज परत जातात. जुन्या डिस्कच्या बाजारात या लिखाणाला 'इंक' म्हणतात आणि इंक असलेल्या डिस्कला भाव कमी मिळतो.